मुळं बघणाऱ्या बाई

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या बाजारात हिवाळ्यात हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात. घाटे भरलेत का, पाला ताजा आहे का, एवढं बघून आपण जुडी पिशवीत टाकतो. बाई ती उलटी धरत. माती झटकत, चष्मा कपाळावर सरकवत आणि मुळं अगदी डोळ्यांशी नेऊन रस्त्यातच उभ्या राहत. भाजीवाली तेलुगूत ओरडे, "अम्मा, कायलु पैन उन्नायि!" म्हणजे, घाटे वर आहेत. बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "वरचं तू विक गं. मी खालचं बघते."

मुळावर मोहरीएवढी गाठ सापडली की ती त्या अंगठ्याच्या नखानं फोडत. आत लाल रंग दिसला तर चेहरा खुले. "मंडळी कामावर आहेत." हिरवट निघाली तर म्हणत, "दमली बिचारी. हरकत नाही, झालं यांचं काम." मग जुडी न घेताच पुढे जात. भाजीवाली काय म्हणत असेल ते तुम्हीच समजा.

मी बाईंना ओळखू लागले ती नोकरीमुळे. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. शहराबाहेर बालानगरच्या पुढे एका बियाण्यांच्या कंपनीत जागा निघाली. कंपनीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. तिथे जिवाणू खत तयार होई, म्हणजे काळ्या भुकटीत कालवलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव. पेरणीआधी ते बियाण्याला लावायचे. त्या दोन खोल्यांवर बाईंचं राज्य होतं. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "डाळ खातेस ना?" मी म्हटलं, "रोज." "मग ती कोणाच्या जिवावर खातेस ते शीक."

आणि शिकवलं त्यांनी. हवेत नत्र भरपूर असतो, पण झाडाला तो घेता येत नाही. "पंगतीत बसवायचं आणि तोंड बांधायचं, तशी गत." मग हे जिवाणू मुळात शिरतात. झाड त्यांना गाठीचं घर बांधून देतं, पानांत केलेली साखर खाली पाठवतं, आणि ते हवेतला नत्र झाडाला पचेल असा करून देतात. मी विचारलं, "मग बाई, यात मालक कोण आणि भाडेकरू कोण?"

"हैदराबादेत राहून हे मला विचारतेस? माझ्या घरमालकिणीचे सगळे अर्ज मी लिहिते. तिच्या हातच्या गोंगुरा पच्चडीशिवाय, त्या अंबाडीच्या चटणीशिवाय, मला भात जात नाही. सांग, कोण कोणाकडे राहतं?"

बाईंचं घराणं बिदरकडचं, शेतकऱ्याचं. वडील संस्थानाच्या काळात उर्दूत शिकलेले. त्यामुळे बाई जीपच्या ड्रायव्हरचाचांशी दक्खनीत, खताची पाकिटं भरणाऱ्या बायकांशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत. तिन्ही भाषांत एकसारख्याच रागावत. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणत, "खाली बघता बघता राहून गेलं."

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "उपटू नका, खणा!" शेतकऱ्यांच्या सभेत कोणी उत्साहानं झाड ओढून आणलं की बाई अक्षरशः कळवळत. ओढलं की गाठी मातीतच राहतात आणि हातात नुसती मुळं येतात. म्हणून खुरप्यानं भोवतीची माती सैल करायची, ढेकळासकट झाड उचलायचं आणि बादलीत हलक्या हातानं धुवायचं. बाई ते करत तेव्हा तान्ह्या मुलाला आंघोळ घालावी तशा दिसत.

एकदा त्यांनी मला मराठीत माहितीपत्रक लिहायला सांगितलं. मी सुलतान बाजारात वाढलेली, इंग्रजी शाळेतली. मराठी बोलायचं घरात, वाचायचं दिवाळीच्या शुभेच्छापत्रापुरतं. मी लिहिलं, "मुळांवर गाठी येतील." बस्स, एवढंच. महिन्याभरानं एका गावी गेलो तर एक शेतकरी मोठ्या अभिमानानं पुढे आला. "बाई, तुमच्या कागदात लिहिलं होतं तसंच झालं. गाठी आल्या. पण मी रोग पसरू दिला न्हाई. अर्धा एकर उपटून जाळला!"

ड्रायव्हरचाचा हसू लपवायला जीपमागे गेले. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. बाई त्या शेतकऱ्यापाशी बसल्या, उरलेल्या अर्ध्या एकरातलं एक झाड त्याच्याच हातानं खणायला लावलं, गाठ फोडून लाल रंग दाखवला आणि म्हणाल्या, "हा रोग नाही दादा. हे रक्त आहे तुमच्या पिकाचं." परतताना मला फक्त एवढं म्हणाल्या, "वाचणारा माणूस डोळ्यासमोर आण आणि मग लिही. आणि 'माहिती'तला हि ऱ्हस्व असतो."

ती वर्षं मोठी गमतीची होती. आबिड्सला दर महिन्याला नवं दुकान उघडत होतं. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ झाले होते. आमच्या कंपनीतही टाय लावणारे नवे मॅनेजर साहेब आले आणि परदेशी भागीदार येणार अशी बोलणी सुरू झाली. सीमेकडच्या, नांदेड-निझामाबादच्या मधल्या गावांत शेतकरी सोयाबीनकडे वळत होते आणि आमचं बियाणं जोरात खपत होतं. प्रत्येक पिशवीबरोबर आमचं पाकीट जाई. सोयाबीनबाबत बाई फार हळव्या होत्या. "तूर, मूग, हरभरा इथलेच. त्यांची मंडळी मातीत आधीपासून आहेत. ही परक्या मुलखातून आलेली. हिची मंडळी आपल्या मातीत नाहीत. लेकीबरोबर पाठराखीण देतात ना, तसं हे पाकीट. पाठराखणीशिवाय पाठवलं तर पोर सुकते."

आता मला माझं सांगायला हवं.

पाकिटं मार्चमध्ये तयार होत आणि डेपोत जात. डेपो म्हणजे पत्र्याची शेड. मे महिन्यात तिथे काय होत असेल याची बाईंना धास्ती असे, म्हणून त्यांचा नियम होता. जूनमध्ये वाटप सुरू होण्याआधी डेपोतून पाच पाकिटं परत मागवायची, त्यांतली भुकटी पाण्यात विरळ करून काचेच्या बशीत पसरायची आणि पाच दिवस थांबायचं. जिवाणू जिवंत असले तर बशीत साबुदाण्यासारखे पांढरे, चिकट ठिपके उठतात. ते मोजायचे, वहीत मांडायचे. मग बाई सही करत आणि मगच माल गावात जाई.

त्या जूनमध्ये बाई सभांसाठी दहा दिवस गावोगाव फिरत होत्या. माझ्या ताईचं लग्न ठरलं होतं आणि मी दुपारी लवकर निघून आईबरोबर साड्या बघत हिंडत होते. डेपोतून पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच पाकिटं आली. मी ते खोकं कपाटात ठेवलं. उद्या बशा लावू, परवा लावू. दरवर्षी पाकिटं चांगलीच निघत होती. शेवटी मी वहीत मार्चचेच आकडे थोडे कमी करून लिहिले.

बाई परत आल्या. उन्हानं काळवंडल्या होत्या. वही उघडून त्यांनी विचारलं, "बघितलीस नीट?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी सही केली.

ऑगस्टमध्ये आम्ही पाहणीला गेलो. साहेब होते, बाई, मी आणि चाचा. त्या गावात एक म्हातारी होती. सगळं गाव तिला मोठाई म्हणे. नवरा गेल्यापासून चार एकर तीच कसत होती. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा ती उभीच होती आणि तिच्यामागे आठ-दहा माणसं. समोर सोयाबीन गुडघ्याएवढंही नव्हतं. पानं पिवळी. शेजारच्या शेतातही तेच.

बाईंनी खुरपं मागितलं. पहिलं झाड खणलं, बादलीत धुतलं. मुळं पांढरी स्वच्छ. एकही गाठ नाही. दुसऱ्या सरीत खणलं, मग शेताच्या पार टोकाला जाऊन खणलं. सगळीकडे धुवून ठेवल्यासारखी मुळं. मी त्यांच्या मागे बादली घेऊन चालत होते.

साहेब म्हणाले, "यंदा पावसानं मध्ये ताण दिला ना..."

मोठाईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती बाईंना म्हणाली, "बी तुमचं. पाकीट तुमचं. गुळाच्या पाण्यात कालवायला सांगितलं, कालवलं. सावलीत वाळवायला सांगितलं, वाळवलं. त्याच दिशी पेरलं. माझं काय चुकलं तेवढं सांगा."

बाई गुडघ्यांवर बसलेल्या होत्या. त्या उठल्या. हाताला चिखल होता, तो पुसलाही नाही. "तुमचं काहीच चुकलं नाही मोठाई. पाकिटातले जिवाणू मेलेले होते. त्यांवर सही माझी आहे. चूक माझी आहे."

साहेब इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "आता जिवाणू लावून फार उपयोग नाही, वेळ गेली. पिकाचा जीव वाचवायचा तर या आठवड्यात युरिया द्या. ओल बघून, दोनदा, थोडा थोडा. मी सगळ्यांना हिशोबानं सांगते." आणि त्या माणसांना बांधावर बसवून त्यांनी एकेकाच्या शेताप्रमाणे किती आणि कसा ते सांगितलं. ज्या बाईंनी उभा जन्म युरियाच्या गोणीकडे सवतीसारखं बघितलं होतं, त्या बाईंनी. मोठाई ऐकत होती. तिनं मान हलवली नाही, पण उठूनही गेली नाही.

परतताना कामारेड्डीच्या अलीकडे चाचांना राहवलं नाही. "बाई, आज आपके मुँह से यूरिया सुना. कानों पे यकीन नहीं आया."

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बीमार को दवा देते ना चाचा. रोज की रोटी नहीं है वो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा कपाट उघडं होतं. टेबलावर ते पुठ्ठ्याचं खोकं होतं, डेपोची चिकटपट्टी न फोडलेली. बाई समोर बसल्या होत्या. मला रडू फुटलं. मी काय काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. रडणं संपल्यावर म्हणाल्या, "आता लाव."

"आता? आता काय उपयोग?"

"लाव. पाचही."

मी पाचही पाकिटं लावली. पाच दिवस रोज सकाळी त्या मला बशा उघडायला लावत. एकाही बशीत ठिपका उठला नाही. काच नुसती स्वच्छ, त्या मुळांसारखी. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "वहीत लिही. शून्य. आजची तारीख घाल." मी लिहिलं. आयुष्यात इतकं जड काही लिहिलं नव्हतं.

"बाई, मी साहेबांना सांगते. चूक माझी आहे."

"नक्को. कागदावर तुझी सही आहे का?"

"नाही, पण..."

"सही करणाऱ्यानं बघायचं असतं. मी तुला विचारलं, बशा मागितल्या नाहीत. बशा मागायला हव्या होत्या." मग वही मिटून म्हणाल्या, "तू खोटं बोललीस त्याचं मला वाईट वाटलं. ते वेगळं. ते तुझं तू बघ."

आठवड्याभरात साहेबांनी त्यांना बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी वाट काढून दिली. "मॅडम, फक्त एवढंच लिहून द्या की शेतात तुम्ही शंका व्यक्त केलीत, निष्कर्ष नाही. भागीदार येताहेत. दोन वर्षांत तुम्ही निवृत्तच होताय."

बाईंनी तिथेच कागद मागितला. त्यावर लिहिलं की माझ्या सहीनं गेलेल्या पाकिटांत जिवाणू जिवंत नव्हते, माल परत घ्यावा. खाली दुसऱ्या ओळीत राजीनामा. कागद दिला आणि बाहेर आल्या. माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "टोप्या नीट धुतल्यात का गं बायकांनी आज?" आणि आत गेल्या. काचेच्या नळ्यांना लावायच्या कापसाच्या बोळ्यांवर आम्ही कागदी टोप्या घालायचो, त्यांना धुवायचं काही नसतं. तेव्हा कळलं की बाईही हादरल्या होत्या.

निरोप समारंभ झाला नाही. पाकिटं भरणाऱ्या बायकांनी आपापल्या डब्यातलं थोडं थोडं एका ताटात काढून त्यांना जेवायला बसवलं. चाचा त्यांना जीपनं घरी सोडून आले आणि जीप नेली म्हणून बोलणी खाल्ली.

त्या नुसत्या बसून राहतील असं मला वाटलं होतं. पुढच्या मार्चमध्ये चिक्कडपल्लीला बाईंच्या घरी गेले तर गच्चीवरच्या खोलीत दोन मोठे प्रेशर कुकर शिट्ट्या देत होते. कुकरात काचेच्या बाटल्या, जिवाणू वाढवण्याआधी वाफेवर निर्जंतुक होत होत्या. घरमालकीण खालून ओरडत होती, "एवढी डाळ कोणासाठी?" बाई वरून ओरडल्या, "मोठाईसाठी!" मी पदर खोचला. त्यानंतर रविवार माझे तिथेच गेले. बाई मोजायच्या, मग मला मोजायला लावायच्या आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत चहा मिळायचा नाही.

जूनमध्ये पाकिटं ओल्या गोणपाटात गुंडाळून बाई एसटीसारख्या खडखडणाऱ्या लाल बसनं गेल्या. पाकिटं मांडीवर, पाण्याची बाटली हातात, दर तासाला गोणपाटावर शिंतोडा. मी बरोबर होते. मोठाईनं आम्हाला पाणी दिलं, पाकिटं घेतली आणि सरळ सांगितलं, "अर्ध्यालाच लावीन."

"अर्ध्यालाच लावा," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा तेच केलं असतं."

ऑगस्टमध्ये त्या शेताच्या मधोमध जणू कोणी दोरी धरून रेघ मारली होती. एका बाजूला फिकट, दुसऱ्या बाजूला काळपट हिरवं. मोठाईनं आम्हाला बांधावर उभं केलं, स्वतः खाली उतरली आणि खुरप्यानं माती सैल करून एक झाड ढेकळासकट उचलून आणलं. उपटलं नाही. बाईंनी ते ओंजळीत घेतलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या उगीचच चाचांच्या नावानं ओरडल्या, "चाचा, बादली!" चाचा तिथे कुठे असणार? आम्ही तिघीही हसलो.

कंपनीतला आमचा विभाग तोवर बंद झाला होता. नव्या भागीदारांना त्यात रस नव्हता. त्या दोन खोल्यांत संगणक आले आणि मला पुढच्या ऑफिसात टायपिंगचं टेबल मिळालं. गच्चीवरचे कुकर मात्र चालू राहिले. दुसऱ्या वर्षी मोठाईच्या गावातल्या सगळ्यांनी पाकिटं मागितली, शेजारच्या दोन गावांनीही. बाईंनी प्रत्येकाला आधी विचारलं, "कधी पेरणार?" आणि पेरणीच्या बेतानंच पाकिटं केली. एकही पाकीट उन्हाळ्याभर ठेवायचं नाही, हा नवा नियम.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत बाई गेल्या. सकाळी देवाला फुलं काढताना गच्चीवरच बसल्या आणि मग उठल्याच नाहीत. घरमालकीण स्वतः रिक्षानं आमच्या घरी आली. दारातच उभी राहून तेलुगूत एवढंच म्हणाली, "आता माझे अर्ज कोण लिहील?" आणि पायरीवर बसून रडू लागली. स्मशानात आम्ही थोडीच माणसं होतो. चाचा सगळ्यांत मागे, टोपी घालून, हात बांधून उभे होते.

घरमालकिणीनं ती खोली मला मोडू दिली नाही. "कुकर ठेव," म्हणाली. मार्च गेला, एप्रिल गेला. मेमध्ये मी रजा टाकली. बाईंच्या फ्रिजमधल्या, जिवाणू जपून ठेवलेल्या नळ्या काढल्या, बाटल्या कुकरात लावल्या. पहिली खेप बुरशीनं गेली. दुसरी जमली. मोजायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी एकदा सकाळी मोजलं आणि आकडा झाकून ठेवून संध्याकाळी पुन्हा मोजलं.

जूनच्या शेवटी मी एकटीच त्या बसनं गेले. मोठाई वाफसा बघत शेतातच होती. माझ्या मागे कोणी उतरतंय का ते तिनं बघितलं. मी सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चांगली बाई होती. एवढ्या लोकांत माझ्यापुढं चूक कबूल केली. असं कोण करतंय?"

मी म्हटलं, "मोठाई, ती चूक त्यांची नव्हती. पाकिटं तपासायचं काम माझं होतं. मी न तपासताच तपासली म्हणून सांगितलं. बाईंनी माझं नाव शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी होते. खरं म्हणजे मला त्या हव्या होत्या.

"अन् यंदा?" तिनं विचारलं. "यंदा मोजलंस का?"

"मोजलं. दोनदा."

"मग उभी काय ऱ्हायलीस?" मोठाई म्हणाली. "गूळ भिजवून ठिवलाय. चल, ओल जाईल."